मी प्यायले नव्हते

प्रिय बारक्या,

तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. रागाने नाही असं म्हणणार नाही, रागानेच. फोनवर तू मधेच "ताई, जाऊ दे ना" म्हणतोस आणि मी जाऊ देते, हे आपलं लहानपणापासूनचं. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही. तेव्हा गुमान वाच.

तब्येत बरी आहे. दिवसातून चार वेळा पोटाला इन्सुलिनची सुई टोचून घेते. पहिल्यांदा मी डोळे गच्च मिटून घेतले, तशी नर्स हसली, "सोळा वर्षं क्रेन चालवता आणि एवढ्याशा सुईला भिता?" वजन पुन्हा भरतंय. तहान गेली. आठवतं ना, आजारी पडायच्या आधीच्या आठवड्यात मी क्रेनच्या केबिनमध्ये पाण्याच्या बाटल्या रांगेने लावायचे आणि तासातासाला शिडी उतरायचे? तूच चिडवलंस, "ताई, क्रेनला नळ जोडून देऊ का?" पँट कमरेवर थांबत नव्हती. मला वाटलं, पंचेचाळिशी उलटली, कामाचा ताण, दुसरं काय.

मंगळवारी सकाळी काय झालं ते तू अहवालात लिहिलंस. आता माझ्याकडून ऐक. पोट ढवळत होतं, धाप लागत होती. पोलादी प्लेट उचलली आणि एकीच्या दोन दिसायला लागल्या. मी ती जागच्या जागी खाली ठेवली, ब्रेक लावला, किल्ली काढली आणि कशीबशी उतरले. झिंगलेलं माणूस एवढं करतं का रे? खाली आल्यावर तोल गेला, जीभ जड झाली. तू यार्डाचा सुरक्षा अधिकारी, धावत आलास, वाकलास आणि चटका बसल्यासारखा मागे सरलास. माझ्या तोंडाला गोडसर, नासक्या फळासारखा वास येत होता. तू दारू तपासायचं मशीन पुढे केलंस. "फुंक." मी फुंकलं, मशीन कोकललं, तू आकडा लिहून सही ठोकलीस आणि मला कंपनीच्या गाडीत बसवून घरी धाडलंस. "मला बरं वाटत नाहीये," असं मी दोनदा म्हणाले. ते तुझ्या अहवालात नाही.

मी घरी पोचलेच नाही. यार्डाच्या फाटकाशीच गाडी थांबवायला लावली, उतरून उलटी केली आणि तिथेच बसले. रंगाची कोठी सांभाळणारे काका पाणी घेऊन आले. त्यांचा सगळा जन्म डब्यांत गेलाय, प्लेट रंगवण्याआधी तिचं ग्रीस पुसायचं तर ऍसिटोन त्यांच्याकडूनच येतं. ते जवळ बसले नि म्हणाले, "ही दारू नव्हे. हा माझ्या कोठीतला वास. पोरी, तुझ्या तोंडात तो कसा?" आणि ड्रायव्हरला ओरडले, "घरी नाही, थेट दवाखान्यात!" आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, हे वाक्य डॉक्टरीणबाईंनी पुरं केलं नाही. मीही करायला लावलं नाही.

त्यांनी मला नीट समजावलं. रक्तात साखर तुडुंब होती, पण इन्सुलिन नाही म्हणून ती पेशींच्या आत शिरेना. दाराशी धान्याची रास आणि घरात उपासमार. मग शरीर चरबी जाळायला काढतं आणि यकृत तिच्यापासून कीटोन बनवतं. कीटोन काही वैरी नव्हेत. उपाशी माणसाचा मेंदू त्यांच्यावरच तगून राहतो. माझ्यात मात्र त्यांना आवरणारं कोणी उरलं नव्हतं. ते साचत गेले, रक्त आंबट झालं. त्यांतलाच एक ऍसिटोन, तो श्वासावाटे बाहेर पडतो. मला हसूच आलं. काका डब्यांतून मोजून देतात ती वस्तू माझं शरीर फुकट बनवत होतं!

तिसऱ्या दिवशी तू दवाखान्यात साहेबांचा कागद घेऊन आलास. 'कामावर मद्यपान केले, माफी असावी, खालच्या जागेवर घ्यावे.' तुझी मान खाली होती. "सही कर ताई, लोक चार दिवसांत विसरतील." लोक विसरतील, मी कशी विसरू? बाबांना गुत्त्यावरून हाताला धरून घरी आणायला दर वेळी मी जायचे, कारण तू लहान होतास. त्यांची उलटी मी पुसायचे. त्यांना स्मशानात पोचवून आल्यावर आईसमोर मी म्हटलं होतं, हा थेंब माझ्या ओठाला लागणार नाही. लागला नाही. आणि मी सही करू? तो कागद मी तुझ्यासमोरच टराटरा फाडला. तू तुकडे गोळा करत बसलास, ते बघून मला अजून राग आला.

काल चौकशी झाली. तू बाहेरच्या बाकावर होतास, म्हणून आतलं सांगते. मी रक्ताचा रिपोर्ट ठेवला. कीटोन भरमसाट, दारू शून्य. साहेब म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही." तेव्हा काका उठले. खिशातून ऍसिटोनचा बोळा काढला आणि तेच मशीन त्याच्यासमोर धरलं. मशीन कोकललं. काका म्हणाले, "साहेब, माझा बोळा प्यायलाय. याला पण खालच्या जागेवर घ्या." कोणी हसायचं थांबेना. स्वस्तातलं यंत्र, त्याला दारू आणि ऍसिटोन यांतला फरकच कळत नाही. आरोप रद्द झाला. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की माझी क्रेन मला परत.

मग साहेबांनी मला थांबवून घेतलं आणि एक नवा मजकूर पुढे सरकवला. तू घरगुती आकसातून खोटा अहवाल दिलास, असा. मी सही केली की तुझ्यावर सगळं शेकणार आणि ते मशीन विकत घेणारे मोकळे. मी म्हटलं, "माझा भाऊ चुकला असेल, खोटारडा नाही," आणि उठून आले. पण याचा अर्थ तू सुटलास असा घेऊ नकोस. मला गाडीत बसवताना तू कानाशी जे बोललास, ते मी चौकशीत कुणाला सांगितलं नाही. "शेवटी बाबांवरच गेलीस." मशीन चुकलं, ते मशीन आहे. तू तर मला ओळखत होतास. हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलंय. ते वाक्य तू परत घ्यायला हवंस, फोनवर नाही, समोर उभं राहून, मान वर करून. रविवारी मी घरी आहे. ये.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई