‘शिकणे’ला आमचे शब्द

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी तुमच्याशी भांडायचं माझं राहूनच गेलं होतं. गेल्या महिन्यात शाळेत जे झालं त्यानंतर मात्र गप्प बसवेना. मी आता स्वतः मराठी शिकवते. राहते गारखेड्यात, शाळा बजाजनगरला, रोज स्कूटीवर जाते-येते. पेन तुमच्यासारखाच लाल वापरते, फक्त तुमच्यासारखा चालवत नाही. हे तुम्हाला कुणीतरी सांगायलाच हवं होतं, आणि माझ्याशिवाय कोण सांगणार?

सातवीतली ती चाचणी तुम्हाला आठवत नसेल. वैजापूरच्या आपल्या शाळेत पत्र्याखालचा तो वर्ग, आणि प्रश्न होता, ‘शिकणे’ या शब्दाचे समानार्थी शब्द लिहा. मी लिहिलं : सरावणं, उमगणं, हात बसणं. आमच्याकडं मेंढरं होती. थोरला भाऊ लोकर कातरायला बसला तेव्हा पहिल्या वेळी मेंढीच्या अंगावर जागोजागी रक्त आलं होतं. पुढच्या कातरणीला एक थेंब आला नाही, तेव्हा आई म्हणाली होती, ‘‘आता ह्याचा हात बसला.’’ शिकणं म्हणजे काय हे मी तिथं बघितलं होतं, म्हणून तेच लिहिलं. तुम्ही तिन्ही शब्दांवर आडवी रेघ मारलीत, वही वर्गापुढं धरलीत आणि म्हणालात, ‘‘ही मेंढरांची भाषा. कागदावर माणसांची लिहायची.’’ वर्ग हसला. मीही हसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. बरोबर उत्तर अध्ययन होतं. ते मी दहा वेळा लिहून आणलं, आणि आमच्या घरात ते एकदाही कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

तुम्ही दुष्ट होता असं मी म्हणत नाही. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर आमची माणसं मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागं निघाली, तेव्हा परीक्षेपर्यंत तुम्ही मला तुमच्या घरी ठेवून घेतलंत. स्वयंपाकघरात भिंतीशी पाट टाकून मी वाचायची आणि तुम्ही पोळ्या लाटता लाटता प्रश्न विचारायच्या. पहिली पोळी मला वाढायच्या, तीही तूप लावून. हे मी कधी विसरले नाही. पण त्याच स्वयंपाकघरात मी माठापाशी उभी आहे, तेही विसरले नाही. मला तहान लागलीय. मी पानी मागते. तुम्ही तांब्या भरता, पण हातात देत नाही. ‘‘पाणी म्हण.’’ मी म्हणते ते पानीच निघतं. तुम्ही तांब्या तसाच धरून उभ्या. चौथ्या की पाचव्या वेळी ण येतो आणि तांब्या माझ्या हातात येतो. मी ते पाणी प्याले, बाई. अजूनही तो शब्द बोलताना जीभ आधी टाळूला लागली का ते तपासते.

त्याला तुम्ही शिकवणं म्हणायच्या. आमच्याकडंही हा शब्द होता, पण वेगळ्या कामाला. ‘थांब, तुला शिकवतो,’ असं म्हणून माणूस हातात काठी घ्यायचा. तहसीलमध्ये कुणी खोटी साक्ष दिली की बाप म्हणायचा, त्याला शिकवून आणलंय. आणि जे खरंच कुणाकडून घेतलं, त्याला तो म्हणायचा, ‘‘मला माझ्या बापानं दावलं.’’ दावलं म्हणजे दाखवलं. शेजारी बसून, स्वतःच्या हातानं, जमेपर्यंत. मी वर्गात उभी राहते तेव्हा मला दावायचं असतं. पगारपत्रकावर शिक्षिका लिहितात, लिहू देत.

गेल्या महिन्यात सहावीच्या चाचणीत मीच प्रश्न काढला होता : ‘शिकणे’ हा अर्थ वेगळ्या शब्दांत सांगणारी दोन वाक्यं लिहा. एका मुलीच्या दोन वाक्यांतलं एक होतं, ‘आईचा कंपनीतल्या मशीनवर हात बसला.’ मी पूर्ण मार्क दिले. पेपर फेरतपासणीला गेले. पर्यवेक्षिकाबाईंनी मला बोलावून सांगितलं की शाळेच्या ठरलेल्या उत्तरसूचीत अध्ययन, ज्ञान घेणे असं आहे, हे बसत नाही, कापा. मी म्हटलं, कापणार नाही. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग मुख्याध्यापकांनी बोलावलं. ते आवाज न चढवता म्हणाले की प्रमाण भाषा शिकवायला आपण इथं आहोत, एकीला सूट दिली तर उद्या सगळेच काहीही लिहितील. मी म्हटलं, ‘‘प्रमाण भाषा मी तिला शिकवीनच, सर. पण ती चूक नाही, आणि मी चूक म्हणणार नाही.’’ त्यांनी लेखी खुलासा मागितला. मी तिथंच उभ्यानं एक ओळ लिहिली : विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर आहे. खाली सही केली.

मार्क त्यांनी स्वतः कापले. पालकसभेला त्या मुलीची आई ड्युटीवरून तशीच आली, कंपनीच्या निळ्या एप्रनवर. पेपर हातात घेऊन तिनं मुख्याध्यापकांना विचारलं, ‘‘मंग काय लिवायचं व्हतं?’’ त्यांनी सांगितलं, अध्ययन. ती जरा विचार करून म्हणाली, ‘‘मशीनचं अध्ययन झालं म्हणलं, तर आमच्या लाईनला कुणाला समजायचं नाय, सर.’’ तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कुणी हसलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं की उत्तर बरोबर आहे, मार्क मी दिले होते आणि पुन्हा देईन.

ते मार्क परत आले नाहीत. पेपर काढायचं काम माझ्याकडून काढून घेतलंय, पुढच्या वर्षी मला दहावीचा वर्ग मिळणार नाही हेही कळलंय. नाही तर नाही. मी मुलांना अध्ययनही सांगते, हात बसणंही सांगते, कुठं कोणतं वापरायचं तेही सांगते. वर्गात पाणी मागायला आलेल्या पोरीला आधी पाणी देते. तुम्ही असतात तर मला अडवलं असतंत, आणि मी तुम्हालाही म्हणाले असते, बाई, आता मला शिकवू नका.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट बेधडक लिहिता येते. गारखेड्यातल्या घराच्या वास्तुशांतीला सासरची सगळी मंडळी बसली होती. आई कौतुकानं तुमच्याबद्दलच सांगत होती, ‘‘पोरीला बाईनं लई जीव लावून शिकिवलं.’’ मी सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘शिकवलं, आई.’’ ती ‘‘व्हय, तेच,’’ म्हणाली आणि ताटं उचलायला उठली. त्या दिवशी ती पुन्हा कुणाशी बोलली नाही. मी अजून तिची माफी मागितलेली नाही.