अकराव्या मजल्यावरचा संसार

३ डिसेंबर

पंधरा दिवस झाले या घरात. अजून बाजूच्या फ्लॅटमधल्यांचं आडनावही ठाऊक नाही! आमच्या डोंबिवलीच्या चाळीत एव्हाना निम्म्या बायका डबे उघडून बघून गेल्या असत्या.

सुदेश आजही नऊला आला. "माजिवड्याला काय ट्रॅफिक होतं, विचारू नको." मी साडेपाचला येते, सातपर्यंत स्वयंपाक तयार. मग नवऱ्याची वाट बघणं, एवढंच काम.

५ डिसेंबर

आज शोभा झाली. घरी आल्यावर सवयीने दार सताड उघडं ठेवलं. चाळीत संध्याकाळी दार लावलेलं दिसलं की लोक विचारायचे, कोणी आजारी आहे का? इथे अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज — "११०४ यांनी कृपया दार बंद ठेवावे. फोडणीचा वास पॅसेजमध्ये येतो." त्याखाली सात अंगठे!

सुदेशला दाखवलं. हसला. "अगं, इथे असं नसतं." मग म्हणाला, "बाकी घर आवडलंय ना?" हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? किती हौसेने घेतलंय त्याने! सासूबाईंची ठाण्यात टेंभी नाक्याला एकच खोली, लग्नानंतर तिथे तिघांनी राहायचं कसं, म्हणून. हॉलचा रंगसुद्धा मला विचारून लावला.

६ डिसेंबर

दार बंद.

९ डिसेंबर

वांग्याचं भरीत केलं, त्याच्या आवडीचं. एक पोळी खाल्ली नि उठला. "पोट भरलं गं." रोज एकच पोळी! माझ्या हाताला चव नसेल तर सांग ना तोंडावर.

आईला फोन लावला. "कशी आहेस?" "मजेत." मागे चाळीतल्या सगुणामावशीचा आवाज येत होता, कोणीतरी खदखदून हसत होतं. फोन ठेवला. एवढं एकटं मला जन्मात वाटलं नव्हतं — आणि ते लग्न झाल्यावर वाटावं!

१३ डिसेंबर

दुपारी सासूबाईंचा फोन. "सुदेश फोन उचलत नाहीये. त्याला सांग, आज जेवायला येऊ नको. मी मधुकडे खडवलीला चाललेय." मधु म्हणजे माझी नणंद.

"आज जेवायला?" मी विचारलं.

"अगं, रोज येतो तसा! तू कामावरून नऊला येतेस ना, म्हणून माझ्याकडेच जेवतो. मलाही बरं वाटतं."

"हो आई, सांगते," म्हटलं.

सांगितलं नाही. मला ट्रॅफिक, त्याच्या आईला मी उशिरा येते — दोघींना दोन थापा! जा म्हणावं आता, आणि बघत बस कुलूप.

१३ डिसेंबर, रात्री

आठला आला. चार पोळ्या खाल्ल्या. "भाजी मस्त झालीय आज." — रोज अशीच असते! आवाज चढला माझा, आणि मग रडूच फुटलं. त्याचा हात ताटातच राहिला. म्हणाला, "मला इथे करमत नाही गं, संचिता. पण तुला घर एवढं आवडलंय, कसं सांगणार होतो?"

मला आवडलंय म्हणे!