गणपती कुणाच्या घरी, हे ठरवणार कोण

ब्रिस्टल, २० ऑगस्ट २००७

प्रिय क्षितिज,

गणपती ग्लासगोला न्यायचा, हे परस्पर ठरवणारा तू कोण? तुझ्याच बहिणीने, वरदाने, साउथहॅम्प्टनहून फोन करून तुझी ईमेल मला वाचून दाखवली. यंदापासून गणपती तुझ्याकडे, पूजेला तू बसणार, वरदाने दोन दिवस सुट्टी टाकायची आणि मी पाट आणि चांदीची भांडी घेऊन ट्रेनने यायचं. माझं तिकीटसुद्धा काढून मोकळा झालास. आणि खाली काय, तर होप दॅट्स ओके विथ एव्हरीवन. नाही, ओके नाही. तू दोन वर्षांचा होतास तेव्हापासून गणपती या घरात बसतोय. बाबा गेले म्हणून मागच्या वर्षी बसवला नाही, तेवढाच काय तो खंड. मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मला विचारायचंही नाही का? आता हे पत्र तू अडखळत वाच. अनुराधाकडून वाचून घेऊ नकोस, सुनेला यात ओढायचं नाही.

आणि तू तिथल्या पोरांना शिकवतोस काय, तर अमेरिकेची राज्यघटना! बाबांना झटका आला त्या उन्हाळ्यात तू महिनाभर इथे होतास, नवी नोकरी लागायची होती. मी पोळ्या लाटायची आणि तू फ्रिजला टेकून मला लेक्चर द्यायचास. मी चौथी पास, पण कान शाबूत आहेत माझे. तेरा राज्यांनी इंग्लंडच्या राजाला घालवलं. आधी त्यांनी आपली मोट इतकी सैल बांधली की मधल्या सरकारला कुणी दाद देईना. मग ऐन उन्हाळ्यात खिडक्या लावून बसले आणि नवी घटना लिहिली. मधल्या सरकारने काय काय करायचं ते मोजून लिहून दिलं. जे लिहून दिलं नाही ते राज्यांकडे आणि लोकांकडे राहिलं. मी म्हटलं, यात काय एवढं, सासू सुनेला किल्ल्या देते तेव्हा हेच करते, कोठीची देते आणि कपाटाची ठेवते. तू इतका हसलास की पाणी सांडलंस. पुढे तेच उदाहरण वर्गात सांगितलंस आणि पोरंही हसली म्हणून फोन केलास. मला बरं वाटलं होतं. आता तीच पोरं समोर उभी करून विचारावंसं वाटतं, की बाबांनो, तुमचे सर घरी काय करतात ते ऐका. कायदा करणारा वेगळा, राबवणारा वेगळा, न्याय देणारा वेगळा, असं तूच सांगितलंस ना? त्या एका ईमेलमध्ये तिन्ही तूच झालास. आणि त्यांच्या सेनेटमध्ये चिमूटभर राज्यालाही दोन खुर्च्या, मोठ्यालाही दोनच, हेही तुझंच. मग मी एकटी राहते आणि तुझं घर मोठं, म्हणून माझी खुर्ची कुठे गेली?

तुमच्या घरात मी नाक खुपसत नाही. तुम्ही रजिस्टर लग्न केलंत, मी बोलले नाही. वरदा श्रावणात मासे खाते, मी विचारत नाही. ते तुमच्या राज्यातलं. पण बाबांच्या घराण्यात चुली कितीही वेगळ्या झाल्या तरी गणपती एकच, दुसरा बसवायचा नाही. म्हणजे ती गोष्ट तिन्ही घरांची. ती एका घराने परस्पर हलवायची नाही. तुझीच घटना सांगते, मी नाही.

वरदाला मी खोदून खोदून विचारलं, याच्या मनात आहे तरी काय? आधी म्हणाली, काही नाही गं आई, ही इज जस्ट बीइंग काइंड. मग बोलली. तू तिला म्हणालास, बाबा नाहीत, आता पूजेला कोण बसणार, आईला पाटावर बसता येणार नाही, चार बायकांसमोर तिला अवघड होईल. तेव्हा माझा राग निम्मा उतरला. निम्मा आहे अजून. अरे, माझं अवघडलेपण मला न विचारता तू मोजलंस कसं?

आता जे तुला माहीत नाही ते लिहिते. बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हाचे दोन्ही गणपती मीच बसवले. पहिल्या वर्षी तू ग्लासगोला परत गेला होतास, दुसऱ्या वर्षी अमेरिकेत जुने कागद बघत होतास. वरदा दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी जेवायला आली. बाबांनी पलंग पुढच्या खोलीत घ्यायला लावला. त्यांचा उजवा हात उठत नव्हता, जीभ जड झाली होती, तरी मंत्र तेच म्हणायचे, एकेक शब्द ओढत, आणि पाटावर बसून पूजा मी करायची. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मी मूर्तीला हात लावायला कचरले, तर पलंगावरून ओरडले, घाबरतेस काय, मूर्ती चावते का! संध्याकाळी शेजारच्या मीनलताई आल्या, आरती केली, चार मोदक खाऊन गेल्या. कुणाचं काही बिघडलं नाही. बाबा म्हणाले, मुलांना सांगू नकोस, त्यांना वाटेल बाप संपला. म्हणून मी गप्प बसले. म्हणजे तिघांची गोष्ट मीही तुम्हाला न विचारता बदलली. मी पण चुकले. पण आता मला चोरून बसायचं नाही. गावाकडे हे पसंत पडणार नाही. त्यांना मी बघून घेईन.

घटना बदलायची तर चारातल्या तीन राज्यांनी हो म्हणावं लागतं, असं तू म्हणाला होतास. आपली घरं तीनच. मी पेन घेऊन हिशेब केला, तो सव्वादोन आला. पाव घर काही हो म्हणत नाही, तेव्हा तिन्ही लागणार. गणपती ब्रिस्टललाच राहील आणि पाटावर आई बसेल, या दोन गोष्टींना माझं हो आहे. वरदाचं शुक्रवारी आलं. तुझं बाकी आहे, म्हणून हे पत्र. तू नाही म्हणालास तर मी मूर्ती आणणार नाही, पाट उचलून ठेवीन आणि ग्लासगोलाही येणार नाही. नियम मलाही लागू. हो म्हणालास तर बाबांचे मंत्र तुला म्हणायचेत, कारण मला ते पाठ नाहीत आणि तुला आहेत. चतुर्थी शनिवारी, पंधरा सप्टेंबरला. माझी सुट्टी मला कँटीनच्या रोटावर, कामाच्या पाळ्यांच्या तक्त्यावर, सोमवारी सकाळी लिहावी लागते. तेव्हा रविवारी, दोन सप्टेंबरला, रात्री आठच्या आत फोन कर. ईमेल नको, वरदामार्फत निरोप नको. हो की नाही, तुझ्या तोंडून मला कळलं पाहिजे.

रागावलेली असले तरी तुझीच,
आई