शेवटच्या राशीचं मीठ

खाजणपाडा, भाईंदर पूर्व
गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

ती. हौसावन्सं यांना रुक्मिणीचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? तेल लावता, की बाटली नुसती उशाशी ठेवता? फोनच केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही 'बरं बरं' म्हणत राहता. मागच्या वेळी मी ताप आल्याचं सांगितलं, तर 'छान झालं' म्हणालात. म्हणून लिहितेय. नात वाचून दाखवेल. (कृतिके, आजीला गाळून वाचू नकोस.)

आपल्या पाड्याचा इतिहास लिहायची पाळी यंदा माझ्यावर आली. मी शाळेत गेले नाही हे तुम्ही जाणता. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले, त्यामुळे शंभर गोष्टींच्या सुरुवाती मला पाठ आहेत, शेवट एकाचाही नाही. पण टॉवरवाल्यांनी आणि आपल्या अल्पेशने (तुमच्या चुलतभावाचा मुलगा, पूर्वी खाडीत चिंबोऱ्या धरायचा, आता फ्लॅट विकतो) मिळून 'पाड्याचा दिवस' ठरवला. मी चार पानं लिहिली. तो म्हणाला, "काकी, चार ओळी द्या. फ्लेक्सवर बसल्या पाहिजेत."

चार ओळींत कसं बसवू? बाबुराव म्हणतात, मिठागराचा पहिला बांध त्यांच्या आज्याने घातला. विमलाबाई म्हणतात, घातला खरा, पण पहिल्याच भरतीला फुटला. टिकला तो आमचा. शेवटी मी लिहिलं, की इथे बारा घरं होती आणि बांधावरून भांडणं होत, मिठावरून कधी नाही. आणि ती रीतही लिहिली: मीठ मागायचं नाही, मागितलं तर घरच्यांचा अपमान. सरळ आत जायचं, फळीवरून मूठ घ्यायची. घरची बाई चुलीकडे तोंड करून बसे, घेणारीला लाज वाटू नये म्हणून. अल्पेशने नेमकी ती ओळ काढली. त्या जागी जेवणाची वेळ आली.

मग म्हणाला, टेबलावर मांडायला काहीतरी जुनं द्या. मी बरणी दिली. तीच, तुमच्या भावाने मिठागर बंद झालं त्या वर्षी शेवटच्या राशीतून भरलेली. पावसाळ्यात तिला पाणी सुटतं, उन्हाळ्यात पुन्हा खडे धरतात. ते गेल्यापासून माझंही तसंच चाललंय.

त्या दिवशी विमलाबाई डाळ करत होत्या. चारशे माणसांची. मीठ आणायचं कोणालाच सुचलं नव्हतं. (मिठागर होतं तोवर बाराही घरांत कधी कोणी मीठ विकत आणलं होतं, म्हणून सुचेल?) त्यांनी बरणी पाहिली, नेली, पातेल्यात रिकामी केली, आणि धुवून पुसून पुन्हा जागेवर ठेवली. अल्पेशने माईकवर त्याच रिकाम्या बरणीकडे हात करून सांगितलं, "या बरणीत आपला इतिहास आहे." टाळ्या पडल्या.

मी विमलाबाईंना म्हटलं, "अहो, ते बघायला ठेवलं होतं."

त्या म्हणाल्या, "अगो, मीठ कदी बगाला ठेवतान? डाल अलनी व्हती, बरनी समोर हाय, मंग घेतला. तुला इचारला असता तर तूच रागावली असतीस."

खरंच रागावले असते. मी तिथल्या तिथे भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. रीत म्हणून नाही. डोळे भरले होते.

पुढच्या आठवड्यात पितरांचं पान आहे. पुडीतल्या मिठाला तुमचे भाऊ 'पांढरं पीठ' म्हणायचे, ताटात दिसलं तर ताट सरकवायचे. आता तेच वाढायचं. सरकवायलाही कोणी नाही.

सगळ्यांना आशीर्वाद. तब्येत सांभाळा.

तुमची,
रुक्मिणी

ता.क. डाळ मात्र उत्तम झाली होती. टॉवरमधल्या मृणालिनीबाईंनी मसाला कोणता ते विचारलं. मीही दोनदा घेतली, रडत घेतली, पण घेतली.

ता.क. २. मिठागर बंद झालं त्या वर्षी तुमच्या भावाने एक बरणी तुमच्याकडेही पोचवली होती. मी काही मागत नाही. रविवारी दुपारी वसईला येतेय. चहा टाका, आणि मी आत आले की जरा चुलीकडे तोंड करून बसा.