ओढ्यातला ढ

लिहून ठेवतो मी गेनबा चिमाजी खुटवड, वय अदमासे सहासष्ट, धंदा शेती, राहणार उत्रोली, संस्थान भोर, ऐसाजे: खोकल्याने छाती पोखरली असली तरी डोके ठिकाणावर आहे, आणि जीभ तर फारच. मला लिहिता येत नाही. मी बोलतो ते भोरचे नजीरभाई कागदावर नीट करून उतरवीत आहेत. खुटवडला मी कुटवड म्हणतो, ते त्यांनी सुधारले, माझी ना नाही. पण मतलब फिरवायचा नाही, अशी त्यांना खुदाची शपथ घातली आहे. लिहिणाऱ्यानेच एकदा माझा गळा कापला आहे.

कलम एक. राहते घर व बैलजोडी बायको ठकुबाई हिला. ती माझ्याशी रोज भांडली, पण माझे बोलणे तिने कधी सुधारले नाही.

कलम दोन. भाताच्या आवणीला म्हणायची मी जुळवलेली सर्व गाणी मुलगी साळूबाई हिला. ती तिला तोंडपाठ आहेत. माझा धाकटा भाऊ भिमाजी, शाळामास्तर, याने ती न विचारता पुण्याला छापून आणली. माझे होते, ‘आवणीला आली बाय, चिकलात रुतं पाय.’ मास्तरने केले, ‘लावणीला आली बाई, चिखलात रुततो पाय.’ अरे शहाण्या, ताल मोडलास, यमक मारलेस, आणि खाचरातल्या बाया तमाशात नेऊन उभ्या केल्यास! जाब विचारला तर चारचौघांत म्हणाला, "दादा, अक्षरं खाणं हा अडाणीपणा. तू ढ तो ढच." त्या पुस्तकाच्या घरात पडलेल्या प्रती ठकुबाईने चुलीत घालाव्यात.

कलम तीन. वडाखालची जमीन, विहिरीसह, साळूबाईलाच. ही माझ्याकडे कशी आली ते लिहा, नजीरभाई. आमच्या जमिनी दोन. ओढ्याखालची पाण्याची, भाताची. वडाखालची नुसता मुरूम. आबा, म्हणजे आमचे वडील, ओढ्याला जन्मभर वडा म्हणत, आणि ओढ्याखाली म्हणायचे तर वडाकाली. शेवटच्या दुखण्यात वाटणीचा कागद करताना माझा हात धरून म्हणाले, "वडाकालचं गेनूला. लई राबलाय त्यो तितं." कागद भिमाजी लिहीत होता. त्याने लिहिले, ‘वडाखालचे’. ‘क’चा ‘ख’ केला, ‘चं’चे ‘चे’ केले. एका शब्दात दोन चुका दुरुस्त केल्या आणि तिसरी तेवढी राहू दिली. वडाखाली कोण राबले होते? तिथे कुसळ उगवत नव्हते! ओढ्याचा बांध मी घातला, हे त्याला ठाऊक नव्हते? आबांनी अंगठा उठवला आणि दोन दिवसांत गेले. मुरमात विहीर खणायला मला अकरा वर्षे लागली.

कलम चार. भिमाजीस, मी जन्मभर गाळलेले सर्व ख, घ, थ, ध आणि ह. मोजून घ्यावेत. ढ देत नाही. तो आबांच्या वेळेपासून त्याच्याकडेच आहे.

कलम पाच. माझ्या दहाव्याचे पिंड त्याच ओढ्याकाठी मांडावेत. कावळा शिवला नाही तर कोणी दर्भाचा कावळा करू नये. भिमाजीला पुढे बोलवावे. आबा त्या दिवशी काय म्हणाले, ते त्याने भावकीसमोर मोठ्याने, शुद्ध म्हणावे. जमीन परत नको. मला तो ढ ऐकायचा आहे. नाही म्हणाला तर पिंड तसेच राहू द्यावेत. मी त्याच्या बांधावर उपाशी बसेन.

निशाणी डावा अंगठा: गेनबा चिमाजी खुटवड
मुक्काम उत्रोली, तारीख १४ मार्च १९३८
साक्षी: मानसिंग, राहणार आंबवडे, कुंडलिक, राहणार उत्रोली

लेखक नजीर वल्द सलीम, राहणार भोर. मजकूर वाचून दाखवला. ‘ओढा’ हा शब्द गेनबांनी तीनदा वाचून घेतला. तिन्ही वेळा मान डोलवून म्हणाले, "व्हय, वडाच."