दवाखान्याची खोली

३ जून

ती. काकूस,
शि. सा. न.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा म्हणतात, विचारल्याशिवाय तू सांगणार नाहीस, म्हणून विचारते.

मला दोन्हीकडे प्रवेश मिळाला. मेडिकलला आणि फिजिशियन असिस्टंटच्या अभ्यासक्रमालाही. असिस्टंट पेशंट तपासते, औषध देते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बाबांचं म्हणणं, काकांना जाऊन वर्षही झालं नाही, त्यांचा घरातला दवाखाना बंद पडलाय, आणि डॉक्टर व्हायला मिळतंय तर विचार कसला करतेस. आई नुसती भांडी जोरात ठेवते.

मला असिस्टंट व्हावंसं वाटतं. वर्षं कमी लागतात, आणि चुकलं तर वर कुणीतरी असतं. तू रागावशील का? महिनाअखेर कळवायचं आहे.

तुझी लाडकी (असं मीच ठरवलंय),
ठमी

९ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

गुडघा आहे तसाच आहे. रागावले नाही. वर्षांचं कारण तू बाबांना सांगायला शोधलं आहेस. खरं कारण चुकण्याचं दिसतं.

म्हणून एक सांगते. हे दवाखान्यातून मधेच उठून स्वयंपाकघरात यायचे, पाणी प्यायचे आणि पेला धरून उभे राहायचे. तहान नसायची, पेशंटला काय झालंय ते उमगत नसायचं. मग कधी जाऊन औषध लिहून देत, कधी मोठ्या डॉक्टरांना फोन लावत. बाहेर लोकांना वाटे, डॉक्टरांना तहान फार. सांगायचं ते इतकंच, की डॉक्टरलाही विचारावं लागतं. केवळ घाबरून असिस्टंट होऊ नकोस.

आणि दवाखान्यासाठी डॉक्टरही होऊ नकोस. ती खोली पुन्हा उघडावी असं मला फार वाटतं. घर शांत झालंय. पण ती माझी गरज आहे. त्यासाठी तू आयुष्य तिथे काढावंस हे बरोबर नाही. भावजींनाही तसं लिहिते आहे.

वेळेवर जेवत जा. माया आहेच.

काकू

१६ जून

ती. काकूस,
शि. सा. न.

तुझं पत्र घेऊन चार दिवस अंथरुणावर लोळत होते. आईला वाटलं, ताप आलाय.

मग स्वतःलाच विचारलं, तुझ्या हातून एकही चूक होणार नाही असं कुणी लिहून दिलं, तर काय घेशील? तरीही असिस्टंटच. काही वर्षं हाडांच्या विभागात, मग लहान मुलांकडे, असं फिरत शिकायला मला आवडेल. रोज कुणाबरोबर तरी मिळून काम करायला आवडेल. तसं कळवून टाकलं. बाबांनी त्यांना आलेलं तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. मग एवढंच विचारलं, की पांढऱ्या कोटाचं माप द्यायला कधी जायचं.

तुला वाईट वाटलं असेल. तरी माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

ठमी

२२ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

वाईट वाटलं, लपवत नाही. दुपारी दवाखान्याचं कुलूप काढलं आणि यांच्या टेबलापाशी बसून राहिले. मग खिडक्या उघडल्या, झाडून घेतलं.

कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर कधीपासून जागा मागत होते. आज त्यांना हो म्हटलं. एक तारखेपासून माणसं गालाला हात लावून दारात बसतील. बोलणार नाहीत फारसं, कण्हतील, पण घरात येणंजाणं राहील.

सुट्टीत आलीस की तुझी अक्कलदाढ दाखवून घेऊ. यांच्यासमोर घसा दाखवायलाही कधी तोंड उघडलं नाहीस. या डॉक्टरांना मी आधीच सांगून ठेवलंय की मुलगी चावते.

अभ्यास कर. पोचलीस की पत्र पाठव, मी वाट बघते.

काकू