भिंगरीच्या फीचं कलम

मी, खाली सही करणार, वय चोवीस, धंदा उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसणे, जाहीर करतो की माझं शरीर धडधाकट आहे, डोकं ठिकाणावर आहे (मुकादमांचं मत वेगळं आहे, ते विचारात घेऊ नये) आणि हे मृत्युपत्र मी दारू न पिता, कुणाच्या धाकाखाली न येता, जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या टेबलावर लिहीत आहे. मरायचा विचार मुळीच नाही. पण आमच्या टोळीत रीत आहे, आधीपेक्षा उंच इमारतीवरून उतरायच्या आदल्या दिवशी मृत्युपत्र लिहायचं. लिहिलं की माणूस पडत नाही म्हणे. उद्या माझी पाळी. शाळा नववीत सोडलेली असल्याने अक्षर आणि कायदा दोन्ही सांभाळून घ्यावं.

कलम १. घर. माझ्या नावावर नाही. पुढे चला.

कलम २. हत्यारं. बादली आणि रबरी पट्टी टोळीला. बूट माझा जोडीदार लंबू याला. इथे कॅन्टीनच्या मावशींनी हरकत घेतली की साक्षीदाराला वारसा मिळत नाही. लंबू म्हणाला, "साक्षीदारच होतो. तुझे बूट तसेही मला लहान होतात." सबब बूट मुकादमांना. त्यांना ते मोठे होतील, यातच माझं समाधान.

कलम ३. राग. गणिताच्या मास्तरांनी मला अख्खं वर्ष वर्गाबाहेर उभं केलं. तो राग कुणाला देत नाही, सोबत नेणार आहे.

कलम ४. बचत. माझी सगळी बचत धाकट्या बहिणीला, जिला घरात भिंगरी म्हणतात, शिक्षणासाठीच मिळावी. तिला पूल बांधायचं शिकायचंय. कॉलेजात नंबर लागलाय, फी शनिवारपर्यंत भरायचीय. बाबा शिंपी आहेत, ते नको म्हणतात. फोनवर म्हणाले, "शिकून काय दिवे लावणार आहे? तुझ्या चुलतभावाने पदवी भिंतीवर टांगली आणि स्वतः तिच्याखाली झोपलाय. तू नववीतून पळालास, तरी घर तुझ्यावर चाललंय. पैसा नव्या मशीनमध्ये घाल, दुसऱ्या दिवसापासून सुटायला लागतो."

बाबा खोटं बोलत नाहीत. भाऊ खरंच झोपलाय. पण गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या काचा पुसायला लागलो. आत बाईंनी फळ्यावर दोन दोर काढले, मध्ये वजन लटकवलं. हुबेहूब आम्हीच! दोर एकमेकांपासून फाकले की जास्त ताणतात, हे मुकादमांच्या शिव्यांमुळे मला पाठ आहे. का ताणतात, ते कुणीच सांगितलं नव्हतं. मी तीच काच पुसत राहिलो. आतला आवाज येत नव्हता. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीने कपाळावर हात मारला आणि खुदकन हसली. कळलं होतं तिला.

वरून लंबू ओरडला, "अरे, काच पुसतोयस की ॲडमिशन घेतोयस?"

बाईंनी खिडकी उघडली. "आत यायचं तर दाराने या. नाहीतर पुढे सरका, सगळा वर्ग तुमच्याकडेच बघतोय!"

शिक्षणात घातलेला पैसा सुटतो की नाही, मला माहीत नाही. भिंगरीही उद्या पदवीखाली झोपेल कदाचित. पण ती मुलगी कशाला हसली, हे मला बाहेरून कळलं नाही. भिंगरीने आत बसावं. सबब या रकमेतून मशीन घेऊ नये.

इथवर लिहून साक्षीदारांना वाचून दाखवलं. मावशींनी हातातला आमटीचा डाव खाली ठेवला.

"पैसे तिला कधी मिळणार?"

"मी गेल्यावर."

"आणि फी कधीपर्यंत?"

"शनिवार."

"म्हणजे उद्या तू पडलास तरच पोरगी शिकणार? धड खाली आलास तर बटणं लावत बसणार?"

लंबू बाकावरून पडायच्या बेतात. "न मरून बहिणीचं वाटोळं करणारा भाऊ पहिल्यांदाच बघतोय!"

"हसतोस काय," मावशी म्हणाल्या, "बँक समोर आहे, ने त्याला ओढत."

दुरुस्ती. कलम ४ रद्द. बचत शिल्लक नाही, आत्ताच कॉलेजच्या खात्यात भरून आलो. भिंगरीला फोन केला. ती आधी किंचाळली, मग रडली, मग तिने माझ्याकडून सगळं मृत्युपत्र वाचून घेतलं आणि म्हणाली, "दादा, मरायचं नाही हं. दुसऱ्या वर्षाची फी वेगळी असते."

बाबांनी फोन घेतला. "गाढव आहेस," म्हणाले. मग, "दोर नीट बांध."

कलम ५. भिंगरीचं शिक्षण पुरं होईपर्यंत या मृत्युपत्राचा अंमल सुरू करता येणार नाही. हे कलम माझ्यावरही बंधनकारक आहे.

ठिकाण : कॅन्टीन, खिडकीजवळचं टेबल
दिनांक : उतरायच्या आदल्या दिवशी, दुपारी

लिहून देणार : (सही) भिंगरीचा दादा

साक्षीदार :
१. (सही) लंबू. बूट नाकारले, हे खरं आहे.
२. (सही) कॅन्टीनच्या मावशी. माझ्यासमोर लिहिलं आणि माझ्यासमोर खोडलं.